पुढचं डावं चाक

ब्रेक दाबला की पेडल पायाखाली धडधडायचं, आणि ते धडधडलं की उपेंद्रला बोलायला विषय मिळायचा.

"बघ, बघ! आलं की नाही?" तो शेजारच्या सीटवरून म्हणाला. पेडलवर पाय अंजलीचा होता, त्याचा नव्हता. पण नवरा शेजारी बसला की गाडीला दोन ड्रायव्हर होतात, एक चालवणारा आणि एक बोलणारा. येलहंकाच्या रेल्वे फाटकापाशी गाडी थांबता थांबता पेडलनं अंजलीच्या तळपायाला ठक ठक ठक अशा बारीक लाथा मारल्या, आणि हातातलं स्टिअरिंगही थरथरलं.

"हे तुझ्या पायामुळे झालंय," उपेंद्र म्हणाला. "मी चालवत होतो तेव्हा कसा मऊ ब्रेक होता!"

"तुम्ही चालवत कुठे होतात? रविवारी देवळापर्यंत जायचात आणि परत यायचात."

"पण ब्रेक होता की नाही मऊ?"

अंजलीनं हँडब्रेक ओढला. मनातून मात्र ती चांगलीच धास्तावली होती.

ही गाडी घेतली तेव्हा उपेंद्रनं हिशेब केला होता तो निपाणीच्या नातेवाइकांचा. सात माणसं बसतील अशी, उंच, मागे जादा चाक लटकवलेली गाडी. निपाणीहून मंडळी येतील, सगळ्यांना घेऊन बेंगळूर दाखवायचं, असा त्याचा बेत. मंडळी आली एकदाच, आणि गाडीत बसल्यावर मळमळतं म्हणून बसनं फिरली. उपेंद्र स्वतः सरकारी कारखान्यात. त्याला न्यायला कोपऱ्यावर कारखान्याची बस येई. तेव्हा गाडी आठवडाभर पोर्चमध्ये कव्हर पांघरून झोपायची आणि रविवारी देवदर्शनाला उठायची.

मग अंजलीची पंपांचे भाग बनवणारी लहानशी फॅक्टरी पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत हलली. ती तिथे तपासणी विभागात होती. येलहंकाहून पीण्याला जायचं म्हणजे दोन बस, मधे एक लांबलचक वाट पाहणं, आणि संध्याकाळी घरी पोचेपर्यंत माणसाचं भरीत. गाडी दारात लोळत पडली असताना हे सोसायचं कशाला, असं म्हणून तिनं ड्रायव्हिंग शिकून घेतलं. शिकली ती गरज म्हणून; पण खरं सांगायचं तर पहिल्याच आठवड्यात ती त्या गाडीच्या प्रेमात पडली. उंचावर बसायचं, जालहळ्ळीच्या चौकात ट्रकवाल्याच्या डोळ्याला डोळा भिडवायचा, आणि घरी येईपर्यंत कुणाला चहा नको, कुणाचं बटण तुटलेलं नाही, कुणी हाक मारत नाही. दिवसातला तेवढाच वेळ तिचा स्वतःचा होता. तो जाऊ द्यायची तिची अजिबात तयारी नव्हती.

आणि उपेंद्रनं नेमकं तिथेच बोट ठेवलं. "किल्ली आता माझ्याकडे राहू दे," तो घरी आल्यावर म्हणाला. "गाडीची वाट लागायला नको. तू बसनं जा की स्वल्प दिवस."

स्वयंपाकघराच्या दाराशी कॅलेंडरखाली एक खिळा होता, त्यावर किल्ली असायची. अंजलीनं खिळ्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. चंपाअक्का लसूण सोलत बसल्या होत्या. त्या निपाणीकडच्या, घरीदारी सगळे त्यांना अक्काच म्हणत, मुलगासुद्धा. अंजली पहिल्यांदा गाडी घेऊन निघाली त्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "बाईमाणसानं एवढी थोरली गाडी हाकायची कशाला? रिक्षा मेल्या काय गावातल्या?" त्यानंतर गाडी या विषयावर त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. आताही उघडलं नाही. अंजलीनं त्याचा अर्थ लावायचा तोच लावला.

"आधी दोष कुठे आहे ते बघू," ती म्हणाली. "माझ्या पायात निघाला तर किल्ली तुमची."

"सरी, ठीक आहे," उपेंद्र म्हणाला. त्याला निकाल आधीच माहीत होता.

तपासणी हा अंजलीचा धंदाच होता. दुसऱ्या दिवशी तिनं रिकाम्या रस्त्यावर गाडी हळू चालवत ब्रेकला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, नुसता हँडब्रेक बेताबेतानं ओढून पाहिला. हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो. गाडी गुमान थांबली. थरथर नाही, धडधड नाही. म्हणजे मागची चाकं निर्दोष सुटली. स्टिअरिंग थरथरत होतं ते पुढचं काहीतरी बिनसलं होतं म्हणून, आणि पुढे होत्या डिस्क. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी ताटं, ज्यांना दोन्ही बाजूंनी ब्रेकचे पॅड चिमटीत धरतात. ताट सपाट असेल तर चिमटी शांत. ताट वाकडं झालं की चिमटी उघडझाप करते, आणि तो हिसका पेडलमधून पायापर्यंत येतो.

शनिवारी दुपारी फॅक्टरीतला डायल गेज, म्हणजे केसाएवढा वाकडेपणाही काट्यावर दाखवणारं मापयंत्र, रीतसर मागून घेऊन ती गुंडूअण्णाच्या गॅरेजात गेली. गुंडूअण्णा तिच्या सासरकडचा, म्हणजे निपाणीचाच, त्यामुळे मराठी बोलायचा आणि बिलात सवलत देत नसे. उपेंद्र निकाल ऐकायला बरोबर होताच.

गुंडूअण्णानं पुढची दोन्ही चाकं काढली, डिस्क नटांनी घट्ट बसवल्या. अंजलीनं गेजचं टोक उजव्या डिस्कला टेकवलं. गुंडूअण्णानं डिस्क हळूहळू फिरवली. काटा जागच्या जागी जरा हलला आणि शांत राहिला. मग डावी. काटा पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. डिस्क एका बाजूला कलली होती. डोळ्यांना दिसणार नाही इतकी, पण पायाला कळेल इतकी.

"वहिनी, डावी गेली की हो," गुंडूअण्णा म्हणाला.

अंजली सावकाश उठली, हात पुसले आणि नवऱ्याकडे वळली. हा क्षण तिला घाईत संपवायचा नव्हता. "माझा पाय पेडल दाबतो. पेडल दोन्ही चाकांना सारखंच धरतं. मग माझा पाय नुसत्या डाव्या चाकावर राग कसा काढतो, तेवढं सांगा."

उपेंद्रनं डिस्ककडे पाहिलं, गेजकडे पाहिलं, गुंडूअण्णाकडे पाहिलं. गुंडूअण्णा नट मोजायला लागला.

"खड्ड्यानं झालं असेल," उपेंद्र शेवटी म्हणाला. "डावीकडेच असतात खड्डे." पण किल्ली त्यानं खिळ्यावरच राहू दिली.

डिस्क पीण्यात लेथवर कातून सपाट केली. बसवताना गुंडूअण्णानं आतली गंज-धूळ घासून काढली आणि चाकाचे नट समोरासमोरचे असे आलटूनपालटून आवळले. पेडल असं शांत झालं की अंजली चौकाचौकात उगाचच ब्रेक दाबून पाहायची. मागचा रिक्षावाला हॉर्न मारायचा, तोही तिला गोड वाटायचा.

पुरता महिनाही नीट गेला नाही. एका संध्याकाळी जालहळ्ळीच्या चौकात पेडलनं पायाला हळूच टिचकी मारली. अंजलीला वाटलं, भास असेल. पुढच्या चौकात ठक. रेल्वे फाटकापाशी ठक ठक ठक.

लपवून ठेवायचा तिचा विचार होता, पण रविवारी देवळाला जाताना चालवायला उपेंद्र बसला. पहिल्याच वळणावर त्याचा चेहरा खुलला. स्वतःच्या गाडीचा ब्रेक बिघडला म्हणून एवढा आनंद झालेला माणूस तिनं दुसरा पाहिला नव्हता.

"आता बोल," तो म्हणाला. "खड्डे तेच, चाक तेच. पाय कुणाचा? पुढच्या रविवारी मी परत चालवून बघणार. तोपर्यंत नीट झालं नसेल, किंवा परत का बिघडलं ते तुला सांगता आलं नाही, तर किल्ली माझ्या खिशात."

सोमवारी ती फॅक्टरीत जाण्याआधीच गॅरेजात गेली. पुन्हा डावीच. गुंडूअण्णानं जाडी मोजली आणि मान हलवली. आणखी एकदा कातता येईल, त्यानंतर नाही. अंजली डिस्कपाशी उकिडवी बसली आणि नुसती बघत राहिली. मागच्या वेळी वाकडेपणा मोजण्याच्या नादात तिनं डिस्कच्या तोंडाकडे नीट पाहिलंच नव्हतं. आता दिसलं. डिस्कच्या एका भागावर निळसर डाग होते आणि त्यावरून गंजाचे ओघळ खाली आले होते. पाण्याचे ओघळ.

तिच्या फॅक्टरीत एकदा एका नव्या ऑपरेटरनं लेथवरून उतरलेली तापलेली कडी पटकन गार व्हावी म्हणून तिच्यावर पाणी ओतलं होतं. कडी जागीच वाकली होती आणि तो बिचारा आठवडाभर तोंड लपवत होता. तसंच हे. पीण्याहून येताना ट्रकांच्या रांगेत सारखा ब्रेक दाबावा लागतो, डिस्क तापतात. आणि तापलेल्या डाव्या डिस्कवर कुणीतरी पाणी टाकतं. रस्त्यावर कोण टाकणार? पावसाला तरी डावंउजवं कुठे कळतं?

मग तिला पोर्चमधली ओली फरशी आठवली. डाव्या चाकाखाली रोज संध्याकाळी थोडं पाणी असायचं. अक्का शेवंतीच्या कुंड्यांना पाणी घालतात, तेच असेल, असं ती धरून चालली होती. कुंड्या मात्र होत्या घराच्या फाटकाजवळ.

त्या संध्याकाळी तिनं गाडी नेहमीसारखी पोर्चमध्ये लावली. उजवीकडे उपेंद्रची स्कूटर असायची, तिच्या आणि गाडीच्या फटीतून अंजली कशीबशी सरकून बाहेर पडे. डावी बाजू घराच्या पायऱ्यांकडे होती, मोकळी. तिनं पर्स ठेवली, नळ सोडल्याचा आवाज केला आणि पुढच्या खोलीच्या पडद्याआड उभी राहिली.

अक्का बाहेर आल्या. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. त्यांनी आधी रस्त्याकडे पाहून घेतलं, मग तुकडा गाडीच्या तोंडावरून ओवाळून कुंपणापलीकडे कावळ्याला टाकला. मग गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या आणि तांब्यातलं पाणी चाकाच्या भोकांतून नेम धरून आत ओतलं. चर्र असा आवाज झाला आणि चाकातून वाफेचा लोट निघाला.

"दमलीस व्हय माझे बाय," अक्का चाकाला म्हणाल्या. "आणलीस न्हवं तिला नीट. बरं झालं."

अंजलीनं पडदा सोडला. धावत जाऊन ओरडावं, अक्का, काय करताय हे, असं तिच्या ओठापर्यंत आलं होतं. ते तिथेच थांबलं.

ती पायरीवर आली तेव्हा अक्का तांब्या पदराआड लपवायच्या गडबडीत होत्या.

"कुंड्यांना घालत होते," अक्का म्हणाल्या.

"मी बघितलं, अक्का."

अक्कांनी थोडा वेळ पायातल्या चपलेचा अंगठा नीट केला. मग म्हणाल्या, "आमच्या बापाची बैलगाडी होती. बाजारास्नं बैल आले की आई त्यांच्या पायावर पाणी घालायची, तुकडा ओवाळायची. लांबनं आलेलं जनावर. त्यानं माणूस घरी आणून पोचवलेलं असतंय. तसंच न बघता आत जायचं काय?"

"पण उपेंद्र रविवारी चालवतात तेव्हा नाही घालत तुम्ही?"

"त्याला काय हुतंय?" अक्का म्हणाल्या. "देवळापातूर जातोय नि येतोय. तू जातीस त्या ट्रकांच्या बाजारात. पाच वाजले की माझा जीव ह्या फाटकात असतोय. गाडीचा आवाज आला की मग बसतोय जाग्यावर."

"मला वाटायचं, मी चालवते ते तुम्हाला आवडत नाही."

"न्हाईच आवडत," अक्का म्हणाल्या. "म्हणून काय झालं? आवडत न्हाई म्हणून काळजी वाटायची थांबतीय काय?"

अंजलीला एकदम रडू आलं, आणि त्यातच हसूही. म्हणजे उपेंद्रचं तसं बरोबरच होतं म्हणायचं. ती चालवत होती म्हणूनच ब्रेक बिघडत होता. फक्त पाय तिचा नव्हता, तांब्या त्याच्या आईचा होता.

सांगावं तर किल्ली राहील. पण उपेंद्रला सांगितलं की दुसऱ्या दिवशी त्याच्या कारखान्याच्या अख्ख्या बसला कळणार, आणि दिवाळीपर्यंत निपाणीला. अक्का हसण्यावारी नेणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या फाटकातच यायच्या बंद झाल्या असत्या. आणि संध्याकाळी कुणीतरी आपली वाट बघत उभं असतं, ही गोष्ट अंजलीला आत्ता कुठे कळली होती. ती इतक्यात गमवायची?

"अक्का," ती म्हणाली, "उद्यापासून पाणी चाकावर नका घालू. माझ्या पायावर घाला."

अक्कांचे डोळे बारीक झाले. "का? गाडीला काय बाधतंय काय?"

"गाडीचं जाऊ द्या. ब्रेक दाबते मी. पाय माझा दमतो." हे ती अक्कांना फसवायला म्हणाली, पण म्हणता म्हणता तिला ते अगदी खरं वाटलं. लग्न होऊन आली त्या दिवसानंतर तिच्या पायावर कुणी पाणी घातलं नव्हतं.

आठवड्यात डिस्क पुन्हा कातून झाली. रविवारी उपेंद्रनं गाडी फिरवून आणली, चार ठिकाणी करकचून ब्रेक दाबले आणि जरा खट्टू होऊन उतरला. पेडल हूं की चूं करत नव्हतं.

"पण परत का बिघडलं होतं?" त्यानं विचारलं. अट त्याच्या लक्षात होती.

"तापलेल्या डाव्या डिस्कवर पाणी पडायचं."

"कुठून?"

दारात अक्का उभ्या होत्या. अंजलीनं त्यांच्यावरून नजर काढून मान वर केली, आणि सुचलं ते बोलली. "वरून."

उपेंद्रनं पोर्चच्या छताकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर आधी संशय, मग विचार आणि मग अपार समाधान पसरलं. "गळती! मी म्हणत नव्हतो, ह्या स्लॅबला डांबर पाहिजे म्हणून? पुढच्या रविवारी मीच लावतो. तोवर किल्ली खिशात. गाडी बाहेर काढूच नकोस, म्हणजे चाक तापायलाच नको."

अशा रीतीनं अंजली आठवडाभर दोन बस बदलून पीण्याला गेली. उभं राहून पाय सुजले, वाट पाहून डोकं दुखलं. स्वतःवरच ती वैतागली. चांगुलपणाची एवढी हौस होती तर भोग आता, असं मनाशी म्हणाली. पहिल्या संध्याकाळी ती अंधार पडता पडता फाटकाशी पोचली, तर अक्का तांब्या घेऊन उभ्या.

"अहो, आज मी बसनं आले. गाडी आतच आहे."

"मला काय दिसत न्हाई?" अक्का म्हणाल्या. "चप्पल काढ."

रविवारी उपेंद्र जुना लेंगा घालून पोर्चवर चढला. सकाळभर त्यानं छताला डांबर फासलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वरूनच सांगितलं, की गळतीमुळे ब्रेक कसा बिघडतो आणि ते शोधून काढायला डोकं कसं लागतं. दुपारी डांबर संपलं. छत काही संपलं नव्हतं. दुकान जुन्या येलहंकात, डबा जड. त्यानं क्षणभर विचार केला आणि खिशातली किल्ली खाली टाकली. "जा, आणखी एक डबा घेऊन ये. सांभाळून."

अंजलीनं किल्ली वरच्यावर झेलली. बाजारातनं ती जरा लांबच्या रस्त्यानं आली, हे कबूल करायला हरकत नाही. पोर्चच्या छताचं डांबर अजून ओलं होतं म्हणून गाडी फाटकाशीच लावली आणि ती उतरली. तेवढ्यात अक्का तांब्या घेऊन आल्या. अंजलीनं चपला काढल्या. अक्कांनी भाकरीचा तुकडा तिच्यावरून ओवाळला आणि तांब्या घेऊन वाकल्या.

"कंचा पाय?"

"उजवा. ब्रेकचा."

"दोन्ही धू. दुसरा रुसंल," म्हणत अक्कांनी पाणी घातलं.

वर ब्रश थांबला होता. उपेंद्र छताच्या कडेला बसून बघत होता. त्यानं आईच्या हातातला तांब्या पाहिला. मग गाडीचं पुढचं डावं चाक पाहिलं. मग स्वतःच्या हातातला ब्रश आणि सकाळपासून फासलेलं ते काळंभोर छत पाहिलं. तो बऱ्यापैकी हुशार माणूस होता. फक्त त्याला वेळ लागे.

अंजलीनं वर बघून बारीकशी मान हलवली. नको.

उपेंद्रचं तोंड उघडलं होतं, ते मिटलं. एवढी मोठी गंमत हातात असताना तो गप्प राहिला, असं लग्नानंतर पहिल्यांदाच घडलं.

"मला कधी नाही गं घातलंस पाणी," तो शेवटी आईला म्हणाला.

"तू कुठं ब्रेक दाबतोस?" अक्का म्हणाल्या. "तू नुसता हॉर्न दाबतोस."

तो शिडीवरून खाली आला. डांबराचे हात लेंग्याला पुसले, अंजलीच्या हातातली किल्ली घेतली आणि आत गेला. आतून खिळ्यावर किल्ली अडकवल्याचा आवाज आला. मग तो दारात येऊन म्हणाला, "अक्का, संध्याकाळी आता गार पडतंय. उद्यापासून तिच्यासाठी पाणी स्वल्प कोमट करून ठेव."